तांडा आणि कॅमेरा

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस-पुसदचा पट्टा आणि शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हा बंजारा समाजाचा जिव्हाळ्याचा मुलूख. या समाजाची ओळख गोरमाटी बोलीइतकीच पोशाखात आहे. आरसे, कवड्या जडवलेला फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, दंडापर्यंत चढलेल्या पांढऱ्या बांगड्या. केसांत गुंफलेली घुगरी-टोपली ही तर विवाहितेची खूण. तरुण पिढीने हा वेश रोजच्या वापरातून जवळजवळ सोडला आहे, म्हणून त्याची छायाचित्रे मोलाची.

मात्र छायाचित्र कोण काढतो, यावर बरेच काही ठरते. 1868 ते 1875 या काळात ब्रिटिशांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात माणूस जातिजमातीचा नमुना म्हणून उभा आहे. चित्राखाली बहुधा जमातीचे नाव, माणसाचे नाही. त्याच काळात, 1871 साली, गुन्हेगार जमाती कायदा आला आणि अनेक भटक्या समाजांवर कलंक लागला. ही नजर अन्यायाचीच होती.

मराठी छायाचित्रकारांनी ती बदलली. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे आयुष्य फडाच्या आत जाऊन टिपले. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे दाखवले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पोहरादेवीला ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. घरोघरच्या पेट्यांतले लग्नाचे, तीज सणाचे जुने फोटो अशा संग्रहात यायला हवेत, मागे माणसाचे नाव, तांडा आणि साल लिहून.