पाटी मालवणी, ताट कुठले?

मुंबईत 'मालवणी' अशी पाटी लावलेल्या खाणावळी आणि हॉटेले गिरगाव-दादरपासून विलेपार्ले, भांडुप, ठाण्यापर्यंत पसरलेली आहेत. त्यांच्या ताटात काय असणार हे जवळपास ठरलेले असते : तळलेली तुकडी, लालभडक रस्सा, सुके, दोन वडे किंवा भाकरी, भात आणि वाटीभर सोलकढी. यातले बरेचसे चवीला झकास असते. पण देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरच्या एखाद्या घरातले रोजचे ताट शेजारी ठेवले, तर दोहोंत नावाचे आणि सोलकढीचेच काय ते साम्य उरते. दोष स्वयंपाक्याच्या हाताचा नाही. ही हॉटेले ज्या वाटेने उभी राहिली, त्या वाटेनेच चव बदलली.

कोकणातून गिरण्यांत कामाला आलेला माणूस बहुधा एकटा यायचा. बायकामुले गावी, आणि तो परळ-लालबागला गावकीच्या खोलीत. त्याच्या जेवणाची सोय चाळीतल्या खाणावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबाने. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. या खाणावळींत कार्ड नव्हते. त्या दिवशी बाजारात जे स्वस्त, ते ताटात. मसाला गावाहून यायचा, आधी बोटीने आणि पुढे एसटीने. जेवणाराही त्याच मुलखातला असल्याने आमटी बिघडली की तिथल्या तिथे बोलून दाखवायचा. खोताच्या वाडीतले अनंताश्रम थोड्या वरच्या पायरीवरचे, पण माशाच्या साध्या जेवणासाठीच नावाजलेले. तेही आता बंद झाले आहे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप गिरणगावाला उठवून गेला, आणि खाणावळींचे गिऱ्हाईक पांगले. याच सुमारास मालवणी ही गोष्ट इतरांच्याही ओळखीची होऊ लागली होती. गंगाराम गवाणकरांचे मालवणी बोलीतले नाटक 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी 1980 मध्ये रंगभूमीवर आणले. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. नवे गिऱ्हाईक कोकणाबाहेरचे होते. त्याला झणझणीत हवे होते, काटे नको होते, आणि सोबत आलेल्या शाकाहारी पाहुण्यासाठी पनीरही हवे होते. हॉटेलांनी ते दिले.

सगळ्यात मोठा फरक वाटपात, म्हणजे वाटलेल्या मसाल्यात पडला. मालवणी घरात दोन वाटपे असतात आणि ती एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. माशाच्या आमटीला ओले खोबरे, सुकी मिरची, धणे, हळद आणि थोडा कांदा असे कच्चे वाटप. ते गंधासारखे बारीक वाटायचे, पाण्यात कालवून उकळायचे, कोकम टाकायचे आणि मग मासा सोडायचा. अनेक घरांत या आमटीला फोडणीच नसते. उतरवताना वरून कच्च्या खोबरेलाची धार सोडतात. गरम मसाल्याचे इथे काम नाही. कोंबडीच्या किंवा मटणाच्या सागोतीला मात्र कांदा-खोबरे खरपूस भाजून केलेले वाटप आणि मालवणी मसाला. हॉटेलात पन्नास ताटे एकदम निघतात. तिथे कांदा-टोमॅटो परतून केलेली एकच लाल ग्रेव्ही पातेलेभर तयार असते. तिच्यात सुरमई टाकली की सुरमई करी, कोलंबी टाकली की कोलंबी मसाला, कोंबडी टाकली की सागोती. ओळखायची खूण सोपी आहे. माशाच्या वाटीवर तेलाचा जाड तवंग दिसला, तर वाटप परतलेले आहे. कच्च्या वाटपाची आमटी नारिंगीकडे झुकणारी आणि दाट असते, आणि तिच्यावर तवंग नावालाच येतो.

मसाल्याचीही हीच गत. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या. धणे, बडीशेप, लवंग, मिरी, मसाला वेलची, दगडफूल, नागकेशर हे सगळे वेगवेगळे भाजायचे आणि पावसाच्या आत वर्षाचा मसाला कुटून ठेवायचा, अशी रीत आहे. मुंबईतली कोकणी कुटुंबे लालबागच्या मिरची गल्लीत डंखावर तो अजूनही कुटून घेतात. रंग मुख्यतः बेडगी मिरचीचा असतो, आणि बेडगी रंगाच्या मानाने तिखट नसते. डोळ्यांतून पाणी काढणारे ते मालवणी, हा समज शहरातला. घरातले जेवण तिखट असते खरे, पण खोबरे आणि कोकम त्याला आवरून धरतात.

दुसरी खूण तिरफळाची. झाडावरून काढून वाळवलेल्या या फळातले काळे बी टाकून देतात आणि टरफल किंचित ठेचून आमटीत घालतात. ते बांगडा, तारली अशा तेलकट माशांसाठीच. त्यांचा उग्र वास ते मारते आणि जिभेला हलकी झिणझिणी आणते. पापलेटच्या आमटीत तिरफळ घालणे म्हणजे पापलेट वाया घालवणे. मिरची मूळची मेक्सिकोकडची, पोर्तुगिजांमार्फत या किनाऱ्यावर आली. तिरफळ मात्र इथल्याच रानातले. कार्डावर तिरफळ घातलेला बांगडा असेल, तर आत कोणी जाणकार आहे असे समजायला हरकत नाही. बोंबील फ्राय पाहून मात्र असा निष्कर्ष काढू नये. ताजा बोंबील हा मुंबई, वसई, पालघर आणि गुजरातच्या समुद्रातला मासा. सिंधुदुर्गात तो येतो तो बहुतेक सुकलेला. तिथले रोजचे मासे म्हणजे बांगडा, तारली, पेडवे, मोरी, इसवण (मुंबईत हिलाच सुरमई म्हणतात) आणि खाडीतल्या तिसऱ्या, कालवे.

वडे नुसत्या तांदळाच्या पिठाचे नसतात आणि गव्हाच्या पुऱ्या तर नव्हेतच. तांदळाबरोबर उडीद, चणाडाळ, धणे, मेथी असे जाडसर दळलेले पीठ, आणि ते भिजवून काही तास ठेवलेले. काही घरांत पिठाच्या गोळ्यात खळगा करून तेलाचे चार थेंब आणि पेटता निखारा ठेवून वर झाकण घालतात. हॉटेलात एवढा वेळ कोणाला असतो! सोलकढीसाठी मात्र वेळ काढलाच पाहिजे : नारळाचे दूध त्याच दिवशी काढलेले, त्यात कोकमाचे आगळ, लसूण, हिरवी मिरची. तिचा रंग फिका, जरासा जांभळट गुलाबी असतो. सरबतासारखी गडद गुलाबी सोलकढी दिसली, तर रंगाची बाटली आठवावी. भाताबद्दल बोलण्यासारखे थोडेच आहे. गावातला लालसर, जाड उकडा तांदूळ शहरातल्या हॉटेलात क्वचितच दिसतो.

मूळ मालवणी चव एकच, असेही नाही. समुद्रावर जाणाऱ्या गाबितांची आमटी सगळ्यात साधी, कारण मासा इतका ताजा की त्याला झाकायचे काही कारणच नाही. सारस्वतांच्या तिरफळाच्या आमटीत बहुधा कांदा-लसूण नसतो. भंडारी आणि मराठा घरांत सागोतीला मान. कऱ्हाडे ब्राह्मणांचे मालवणी जेवण मासे नसलेले. ख्रिस्ती आणि मुसलमान घरांच्या रीती आणखी वेगळ्या. मुंबईत या सगळ्यांची एक सरासरी विकली जाते, आणि तिला गोव्याची व मंगळूरचीही जोड दिली जाते. फोर्टमधले महेश लंच होम किंवा बटर-पेपर-गार्लिक खेकड्यासाठी गाजलेले तृष्णा ही मुळात मंगळुरी परंपरेची हॉटेले; त्यांना मालवणी म्हणणे हा खाणाऱ्यांचा आळस.

असे घडणे जगात नवे नाही. युरोपातल्या शहरांत 'मेक्सिकन' म्हणून जे मिळते, त्यातला मोठा भाग टेक्सासच्या सरहद्दीवरचा असतो : मैद्याच्या पोळ्या, पिवळे चीज, नाचो. 1943 च्या सुमारास नाचो जन्मले तेही सरहद्दीवरच्याच गावात. मूळ मेक्सिकन स्वयंपाकाचा पाया म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याची भाकरी. युनेस्कोने 2010 मध्ये या स्वयंपाकाला वारशाच्या यादीत घेतले. तिथला जाणकार आधी मक्याची भाकरी पाहतो. इथल्याने आधी माशाची वाटी पाहावी.

मुंबईत शोध घ्यायचाच तर मालवणच्या चैतन्यची दादरमधली शाखा, दादरचेच सिंधुदुर्ग, वांद्रे पूर्वेला गांधीनगरातले हायवे गोमंतक (नावाप्रमाणे गोव्याकडे झुकलेले) आणि विलेपार्ल्याचे गजाली ही ओळखीची ठिकाणे आहेत. त्यांतही कार्डावरच्या तंदुरी आणि चायनीज पानांकडे न वळता 'आज काय आले आहे' असे विचारणे फायद्याचे. उत्तर बाराही महिने तेच येत असेल, तर मासा बर्फातला आहे. महाराष्ट्राच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत कोकणातले घर खाऱ्या बांगड्यावर, सुकटीवर आणि कुळथाच्या पिठीवर चालते. पिठीबरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा हे पावसाळ्यातले पक्के मालवणी जेवण. शहरातली फार थोडी हॉटेले ते वाढतात.

खुद्द कुणकेश्वरला 'मालवणी' अशी वेगळी पाटी लावायची गरज नाही. देऊळ समुद्राच्या काठावर, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते आणि आसपासच्या गावांच्या देवांच्या स्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात. एरवी येणाऱ्यांचे जेवण घरगुती खाणावळीत किंवा राहण्याच्या घरीच होते. ते आधी सांगून ठेवावे लागते, कारण किती माणसे ते कळल्यावरच मासा आणतात आणि नारळ खवतात. देवगड बंदर जवळ असल्याने मासा ताजा मिळतो, पण कोणता मिळेल हे आदल्या दिवशी कोणी छातीठोक सांगत नाही. गाव शंकराचे, त्यामुळे सोमवारी, तसेच श्रावणात, अनेक घरांत मासा शिजत नाही. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचे सांबारे, घावणे, फणसाची किंवा ओल्या काजूची भाजी असे जेवण असते. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे हा बेत म्हाळाच्या (पितृपक्षातल्या श्राद्धाच्या) दिवशीही ठरलेला. मालवणी जेवणातला हा अर्धा भाग मुंबईच्या कार्डावर जवळजवळ नसतोच, तेव्हा तो चाखायचा असेल तर कुणकेश्वरला सोमवारीच जावे. काजूगर आणि फणस हवे असतील तर सोमवार मार्च ते मेमधला निवडावा.