ट्रॅकवर निघालात? गेटवरच्या अण्णांशी आधी ओळख करा!

पार्लेकर बायकर मित्रांनो, आपल्या शेजारच्या जुहूच्या धावपट्टीवर एके काळी मोटारशर्यती व्हायच्या. आज सर्किटवर बाइक पळवायची तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई (३.७ किमी) किंवा कोइमतूरचा कारी स्पीडवे (२.१ किमी) गाठता येतो.

गेटवर सुरक्षारक्षक पास आणि मनगटावरचा बँड तपासतात. चिडू नका. पिटलेनमध्ये चुकून शिरलेला एक माणूसही जिवावरचा अपघात घडवू शकतो. इंजिन बंद करा, हेल्मेटची काच वर घ्या, तमिळमध्ये ‘वणक्कम अण्णा’ म्हणा आणि मग बोला. समोरचा चेहरा लगेच खुलतो!

आत गेल्यावर ट्रॅककडेच्या मार्शलचे झेंडे पाठ हवेत:
🟡 पिवळा: पुढे धोका, ओव्हरटेक नको
🔴 लाल: सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या
🔵 निळा: मागून वेगवान रायडर येतोय
🏁 चौकटींचा: सेशन संपलं

शेवटच्या फेरीत मार्शलना हात उंचावून धन्यवाद द्या. दिवसभर उन्हात ते आपल्यासाठीच उभे असतात. आपण पडलो, तर सगळ्यात आधी धावत येतात तेही तेच. निघताना गेटवरही दोन शब्द बोला. आणि हो, वेग ट्रॅकवरच. हायवेवर नाही! 🙏