चासनालाची आठवण आणि धुळीने भरलेली छाती

दरवर्षी २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला येथे शहीद स्मारकापाशी माणसे जमतात. खाणीत गेलेल्यांच्या घरची माणसे येतात, आज खाणीत उतरणारे कामगार येतात. फुले वाहतात, मान खाली घालून उभी राहतात.

१९७५ साली याच दिवशी वरच्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी फुटून खाली काम चालू असलेल्या खाणीत घुसले. सुमारे ३७५ कामगार बुडाले. आत अडकलेल्यांपैकी कोणीही जिवंत बाहेर आले नाही. पाणी उपसायला कित्येक आठवडे लागले. तेवढे दिवस बायामुले खाणीच्या तोंडाशी वाट पाहत होती.

असे दुःख वर्षे उलटली तरी अंगातून जात नाही. ती तारीख जवळ आली की झोप उडते, जेवण जात नाही, छातीत धडधडते. आपल्या वस्तीतही ज्या घरचा माणूस अपघातात गेला, तिथे हेच होते. याला वेड म्हणू नये आणि बाहेरची बाधाही समजू नये. पुण्यानुमोदनाला आपण एकत्र बसतो, गेलेल्याबद्दल बोलतो, त्याने मन हलके होते. त्या दिवशी त्या घरच्या बाईला एकटे सोडू नका. दुःख दारूत बुडवू नका. महिनोन्महिने झोप नसेल, जगणे नको वाटत असेल, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

याच धनबादच्या कोळसा भागात बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये गेले होते. ते खाणीत उतरले, मजुरांची घरे पाहिली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. घरे, पाणी, दवाखाना, शिक्षण यांवर तो पैसा खर्च व्हायचा होता. मजुराचे आरोग्य ही मालकाची मेहरबानी नाही, तो हक्क आहे, हे आपण तिथून शिकलो.

पण खाणीतले सगळे मरण एका दिवसात येत नाही. कोळशाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात बसते. दगड फोडणे, खडी क्रशर, बोअर मारणे, फरशी कापणे या कामांत सिलिकाची धूळ जाते, तिने सिलिकोसिस होतो. बसलेली धूळ कोणत्याही औषधाने निघत नाही. त्यावर टीबी लवकर जडतो. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेडकडे आणि शहरांतल्या बांधकामांवर आपली कितीतरी माणसे ही धूळ खातात. असा माणूस खोकत खोकत जातो, तेव्हा "दम्याने गेला" म्हणतात. त्याचे स्मारक होत नाही, तारीखही कोणी लक्षात ठेवत नाही.

म्हणून एवढे करा :

• चढ चढताना दम लागतो, कोरडा खोकला थांबत नाही, असे असेल तर डॉक्टरांना आधी आपले काम सांगा. किती वर्षे, कसली धूळ, तेही सांगा.

• छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. टीबीची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

• रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. धुळीचा योग्य मास्क आणि कामाच्या जागी पाणी मारणे, हे मालकाकडे मागा.

• कामाचे कपडे घरात झटकू नका, वेगळे भिजवून धुवा. लेकरांच्या छातीतही तीच धूळ जाते.

• विडी-सिगारेट सोडा.

• एक्स-रे, हजेरी कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. सिलिकोसिस हा कायद्याने भरपाई मिळणारा कामाचा आजार आहे. कागद नसेल तर विधवेला हक्क सिद्ध करणे जड जाते.

खाण कामगाराची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियम आहे. कंत्राटी मजुरालाही तो लागू आहे. संघटनेच्या बैठकीत हा विषय काढा, विहारातही काढा. येत्या २७ डिसेंबरला वंदना झाल्यावर चासनालाच्या कामगारांना अभिवादन करू या आणि त्याच बैठकीत आपल्या वस्तीत कोण कोण धुळीचे काम करतो, त्यांची यादी करू या. पुढच्या आठवड्यात त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जाऊ या.

जय भीम!