२१ तास १० मिनिटं

आमच्या वडप्याला कुणी नेता येणार असला की गावाला दोन दिवस आधी कळतं. सर्व्हिस रोडच्या कडेला लावलेले टेम्पो हलवले जातात, गोदामांसमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्यांच्या थप्प्या उतरतात, दुपारपासून माइक टेस्टिंग सुरू होतं. मागच्या निवडणुकीच्या हंगामात अशा एका सभेला मी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बसलो. वेळ साडेसहाची दिली होती. नेते आठला आले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून पोलिसांनी पायरीशी येऊन घड्याळ दाखवलं तेव्हाच ते थांबले. जवळपास दोन तास बोलले, आणि चांगलं बोलले. टाळ्या मनापासून पडल्या.

माझ्या पुढच्या रांगेत शेजारच्या वहिनी होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चौघडी केलेला अर्ज. शाळेत जाणारी पोरं हायवे ओलांडतात तिथे काहीतरी सोय करा, एवढंच त्यात लिहिलेलं. भाषण संपताच त्या लगबगीने निघाल्या. गाडीपाशी पोचेपर्यंत काच वर गेली होती. परतताना पिशवी तशीच हातात होती, आणि त्या मला म्हणाल्या, "भाऊ, दोन तास ऐकलं आपण. माझं दोन मिनिटांचं होतं."

तेव्हापासून लांब भाषणांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तासन् तास बोलून कुणाचं काय साधतं? कायदा अडतो का, मत फिरतं का, रस्ता होतो का? की टाळ्या विरल्या की सगळंच विरतं? २०२५ मध्ये या प्रश्नाला निमित्तही भरपूर मिळालं.

३१ मार्च २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या सिनेटमध्ये न्यू जर्सीचे कोरी बुकर बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २५ तास ५ मिनिटांनी थांबले. बसायचं नाही, सभागृह सोडायचं नाही, हा तिथला नियम. आदल्या रात्रीपासून त्यांनी पाणीसुद्धा बंद केलं होतं. त्यांनी मोडलेला विक्रम स्ट्रॉम थर्मंड यांचा होता. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा कायदा होऊ नये म्हणून थर्मंड ऑगस्ट १९५७ मध्ये २४ तास १८ मिनिटं बोलले होते. बुकर स्वतः कृष्णवर्णीय. त्यामुळे तो आकडा पुसला गेला याचं अनेकांना समाधान वाटलं, मलाही वाटलं. पण हिशेब मांडायचा तर थर्मंड थांबल्यावर काही तासांतच विधेयक मंजूर झालं होतं, आणि बुकर यांच्या भाषणापुढे अडवायला विधेयकच नव्हतं. पुढे ३ जुलैला प्रतिनिधिगृहात हकीम जेफ्रीज पावणेनऊ तास बोलले. पक्षनेत्याला तिथे कागदावर एक मिनिट मिळतं, पण ते हवं तेवढं ताणता येतं. ज्या विधेयकाविरुद्ध ते बोलले, ते त्याच दिवशी २१८ विरुद्ध २१४ मतांनी मंजूर झालं. २०१३ मध्ये टेक्ससच्या वेंडी डेव्हिस यांनी मात्र अधिवेशनाचा शेवटचा दिवस बोलून काढला आणि विधेयक खरंच हुकवलं. पुढच्याच महिन्यात नवं अधिवेशन बोलावून ते मंजूर करून घेतलं गेलं.

म्हणजे जिथे नियमच वेळेला शस्त्र करून देतो, तिथेसुद्धा पदरात पडतो तो थोडा उशीर. आपल्याकडे ते शस्त्रही नाही. कुठल्या विषयाला किती तास, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते, मग ते पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. चर्चा संपवण्याचा प्रस्ताव आला की संपली. अर्थसंकल्पातल्या उरलेल्या मागण्या तर शेवटच्या दिवशी गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेविना, एकदम मंजूर होतात. बोलून बोलून कायदा अडवण्याची सोय आपल्या संसदेत किंवा विधानभवनात नाही.

तरीही मराठी माणसाला लांब भाषणाची थोरवी सांगावी लागत नाही. आपल्या इतिहासातलं एक फार लांब, गाजलेलं राजकीय भाषण कुठल्या मैदानात किंवा सभागृहात झालंच नाही. ते मुंबई हायकोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्यातून झालं.

मुजफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. १२ मे १९०८ चा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे त्यांतले मुख्य लेख. जामीन नाकारणारे न्यायमूर्ती दिनशा दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, मराठी समजणारा एकही नाही. लेख मराठीत, खटला त्यांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी वकील न देता स्वतःच बाजू मांडायचं ठरवलं आणि आधी सरकारी भाषांतरकारालाच उलटतपासणीत धरलं. कुठला शब्द कसा फिरवला, कुठे मूळ अर्थ निसटला, एकेक शब्द घेऊन. मग १५ जुलैला ते ज्यूरीपुढे बोलू लागले आणि २२ जुलैच्या दुपारी थांबले. मधल्या सुट्ट्या वगळून २१ तास १० मिनिटं.

हे भाषण मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा गर्जनेची अपेक्षा होती. गर्जना त्यात फारच थोडी आहे. आहेत ते इंग्लंडमधल्या खटल्यांचे दाखले, वृत्तपत्राने सरकारला काय सांगावं याची चर्चा, अँग्लो-इंडियन पत्रांतले उतारे आणि पुन्हा पुन्हा भाषांतराच्या चुका. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मधुमेह जडलेला माणूस दिवसामागून दिवस उभा राहून शब्दांचे अर्थ समजावून सांगतो आहे. ते वाचताना दमायला होतं, आणि मग लक्षात येतं की त्या दमण्यातच त्याचं बळ आहे. इतकं सगळं सांगून झाल्यावरही शिक्षा होणार असेल, तर ऐकून घेतलंच नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. ऐकूनही दिली, असंच म्हणावं लागेल.

शिक्षा झालीच. ज्यूरी सात विरुद्ध दोन. रात्री दहाच्या सुमारास न्यायमूर्तींनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. कोर्टापुरता हिशेब केला तर २१ तास १० मिनिटांची मिळकत शून्य.

आणि मग गिरणगाव बंद पडलं. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. रशियाच्या लेनिनने या संपाची दखल घेऊन लिहिलं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. संपावर गेलेल्या कामगारांनी त्या भाषणातला शब्दही ऐकला नव्हता. भाषण इंग्रजीत होतं, ऐकलं असतं तरी ते त्यांना कळलं नसतं. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की आपला माणूस एकटा उभा राहून दिवसच्या दिवस बोलतो आहे. पण एवढ्यावर चाळी उठल्या त्या आधीच्या मशागतीमुळे. स्वदेशी आणि दारूबंदीच्या चळवळी वस्त्यांपर्यंत गेल्या होत्या, टिळक स्वतः चिंचपोकळीला जाऊन गिरणी कामगारांशी बोलले होते, 'केसरी' एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा अशी रीत होती. आणि उद्या करायचं काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. गिरणीत जायचं नाही, हे प्रत्येकाच्या हातात होतं.

भाषणाला दुसरं आयुष्य कागदाने दिलं. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा संपूर्ण वृत्तान्त छापून काढला. चौदा वर्षांनी, १८ मार्च १९२२ ला, अहमदाबादला गांधीजींवर त्याच कलमाखाली खटला चालला. गांधीजींचं निवेदन काही मिनिटांचं होतं. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी शिक्षा ठरवताना टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला आणि तेवढीच, सहा वर्षं सुनावली. एक एकवीस तासांचं, एक काही मिनिटांचं, आणि दोन्ही देशाच्या कायमची लक्षात राहिली. तेव्हा लांबीचं कौतुक मी बेताने करतो.

व्ही. के. कृष्ण मेनन यांचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. जानेवारी १९५७ मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर ते भारताच्या वतीने सुरक्षा परिषदेत दोन दिवसांत मिळून जवळपास आठ तास बोलले आणि थकून कोसळले. २४ जानेवारीलाच परिषदेने भारताला नको असलेला ठराव मंजूर केला. विरोधात एकही मत नाही, फक्त रशिया तटस्थ. न्यूयॉर्कमध्ये भाषण हरलं, पण देशात मेनन यांचं नाव घरोघरी गेलं आणि काही आठवड्यांनी, संयुक्त महाराष्ट्राच्या वादळातही, ते मुंबईतून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पोचले. परिषदेतलं एक मतही न फिरवणारं भाषण मुंबईत मतदारांना भिडलं. त्याने काश्मीरचं काय झालं, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्या वादळात तर भाषणांचा पूर होता. २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ठासून सांगणारी सभा लोकांनी उधळली, दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढची पाच वर्षं आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एसेम जोशी मैदानं गाजवत राहिले. माझे वडील शिवाजी पार्कच्या सभांबद्दल सांगायचे. अत्रे शेवटी बोलायचे, कारण ते आधी बोलले तर पुढच्याला श्रोते उरत नसत. त्याआधी अमर शेखांचा डफ कडाडायचा. रात्र कशी सरली ते कळत नसे, शेवटची लोकल चुकलेली माणसं गप्पा मारत पायी घरी जायची. ते पायी जाणं मला भाषणाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण सभा त्या रस्त्यावर पुढे चालू राहायची. सकाळी अत्र्यांचा 'मराठा' हातात यायचा. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला हादरवलं ते या साखळीच्या जोरावर. सभा, पेपर, मोर्चा, मत. चिंतामणराव देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये लोकसभेत अर्थमंत्रिपद सोडताना केलेल्या निवेदनाला वजन आलं तेही खुर्ची सोडल्यामुळे.

राजकारणाच्या जरा बाहेर जाऊन गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तरं देत. कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला. पहाटे उठून गेलेल्या माणसाला आज काय करायचं ते ठाऊक असे, आणि सांगणाऱ्याने ते आधी स्वतः केलेलं असे.

आता भाषणं लांब होतात आणि रस्त्यातली ती साखळी तुटलेली दिसते. लाल किल्ल्यावरून पंतप्रधान २०२४ मध्ये ९८ मिनिटं आणि २०२५ मध्ये १०३ मिनिटं बोलले, दोन्ही वेळा विक्रमाची बातमी झाली. आपल्याकडच्या दसरा मेळाव्यांचीही दुसऱ्या दिवशी मिनिटं मोजली जातात. लोकांपर्यंत पोचते ती चाळीस सेकंदांची क्लिप. तासाभराच्या बोलण्यातला युक्तिवाद, आकडे, आधीच्या चुकांची कबुली, यातलं काहीच तिच्यात मावत नाही, आणि मावत नाही म्हणून बोलणाराही हळूहळू ते सोडून देतो. हे मला खरोखर काळजीचं वाटतं.

वडप्याने याच्या उलटही पाहिलं आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरचं भिवंडीजवळचं आमचं गाव. माजिवड्यापासून इथवर रस्ता आठपदरी करण्याचं काम याच पट्ट्यातलं. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गाची वाहनंही आमण्याहून इकडेच येतात. याच रस्त्याने मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च गेला. ६ मार्चला नाशिकहून निघालेले शेतकरी, बरेचसे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचले. दहावीच्या मुलांच्या परीक्षेची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. आम्ही रस्त्याच्या कडेला पाण्याचे हंडे घेऊन उभे होतो. एक आजी टेकली, चप्पल काढली, तळपायाला पडलेल्या भेगांत खडी रुतलेली. तिने ती नखाने काढली, पाणी प्यायली आणि रांगेत मिसळली. आमच्यापाशी कुणी भाषण केलं नाही. वनहक्काच्या जमिनींबद्दल सरकारला १२ तारखेलाच लेखी आश्वासन द्यावं लागलं.

आश्वासनं पुरी झाली नाहीत म्हणून २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये त्यांना निघावं लागलं, हेही लिहायला हवं. पण दोन्ही वेळा आधीचा कागद त्यांच्या हातात होता आणि त्यावर बोट ठेवून विचारता येत होतं.

वहिनींनी तो अर्ज शेवटी ग्रामसभेत वाचला. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा कायदा आहे, आणि गणपूर्तीला शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तो लागतो. पहिल्या दिवशी माणसं भरली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या उभ्या राहिल्या, चौघडी उलगडली, वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सूचक कोण, अनुमोदक कोण, ग्रामसेवकांनी विचारलं. मी अनुमोदक झालो. ठराव प्रोसिडिंग बुकात चढला, त्याची प्रत पत्रासोबत गेली, आणि वहिनी स्वतः जाऊन पोच घेऊन आल्या. शिक्क्याखाली निळ्या शाईत आवक क्रमांक आहे. पोरं अजून तशीच हायवे ओलांडतात. पोच त्यांनी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, आणि पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीची तारीख त्या मला दर दोन दिवसांनी विचारतात.