गाऊन की कुर्ता-पायजमा? उतारवयातील वेशाचा विचार

वय झाले की कपड्यांचा विचार गौण ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘आता कुठे बाहेर जायचे आहे?’ असे म्हणून कपाटातील जे हाताला येईल ते अंगावर चढवले जाते. तथापि स्नान, शौच, झोप, औषधोपचार, रात्री-अपरात्री उठणे या दिनक्रमातील प्रत्येक प्रसंगी अंगावरचे वस्त्र ज्येष्ठ व्यक्तीला साह्य तरी करते किंवा अडवते तरी. म्हणूनच साडी नेसणे जड जाऊ लागले की घरोघरी उभा राहणारा प्रश्न, म्हणजे यापुढे एकसंध गाऊन घालावा की वरचे-खालचे वेगळे असलेले कुर्ता-पायजम्यासारखे कपडे, हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

साडी का जड होते?

पाचवारी नेसण्यासाठी तोल सांभाळत उभे राहावे लागते, निऱ्या धरण्यासाठी बोटांत बळ लागते आणि परकराची नाडी घट्ट आवळावी लागते. वर्षानुवर्षे एकाच जागी काचणाऱ्या नाडीमुळे कंबरेची त्वचा काळवंडते, सोलवटते. क्वचित प्रसंगी तेथील जुनाट जखमेचे रूपांतर त्वचेच्या कर्करोगात झाल्याचे आढळले आहे. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची उदाहरणे 2024 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली होती. हा प्रकार दुर्मीळ आहे, घाबरण्याचे कारण नाही. मात्र कंबरेवरील जखम काही आठवड्यांत भरून आली नाही, तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी. साडीच प्रिय असेल, तर नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, गाठीची जागा बदलत राहावी आणि घरात वावरताना बंध सैल ठेवावा.

गाऊनचे गुण आणि दोष

गाऊन कंबरेला आवळत नाही. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना, लघवीची नळी बसवलेल्यांना किंवा एक हात दुबळा असलेल्यांना तो सोयीचा पडतो. कमोडवर बसताना तो केवळ वर उचलावा लागतो. पायजमा खाली सरकवून पुन्हा वर ओढण्याचे श्रम त्यात नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यालाही, पुढून पूर्ण उघडणारा गाऊन असल्यास, अंग पुसणे व डायपर बदलणे सुकर होते.

परंतु त्याचे दोषही ध्यानात घ्यावेत. घोट्याखाली लोळणारा गाऊन पायात अडकतो. वॉकर घेऊन चालताना किंवा जिना चढताना तो पडण्याचे निमित्त ठरू शकतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात त्याचा घेर ओला होतो. तो लहानसा डागाळला तरी संपूर्ण उतरवावा लागतो, आणि पुढून न उघडणारा असेल तर खांदे आखडलेल्या व्यक्तीला डोक्यावरून काढणे क्लेशदायक होते. मधुमेही व्यक्तींमध्ये खांदा आखडण्याची तक्रार अधिक आढळते, हे येथे विसरू नये.

आणखी एक गोष्ट मनाशी निगडित आहे. दारावरची घंटा वाजताच गाऊनवर घाईघाईने ओढणी ओढून घेणाऱ्या आजी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आपण लोकांसमोर येण्याजोगे नाही, ही भावना त्या हालचालीत असते. ती बळावली की माणसे भेटीगाठी टाळू लागतात, संध्याकाळी खाली फेरी मारणेही सोडतात.

सुट्या कपड्यांचे सामर्थ्य

वरचे आणि खालचे वस्त्र वेगळे असले की जे खराब झाले तेवढेच बदलता येते. सुया टोचणे, रक्तदाब मोजणे, गुडघा शेकणे यांसाठी संपूर्ण अंग उघडे करावे लागत नाही. त्यायोगे रुग्णाची लाज राखली जाते. हवेनुसार थरही वाढवता-कमी करता येतात. नाशिक-पुण्याकडील थंडीच्या पहाटे कुर्त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर आणि शाल घ्यावी, ऊन चढले की उतरवावी. उतारवयात थंडी-उष्णतेची जाणीव मंदावते, म्हणून हे भान शुश्रूषा करणाऱ्याने ठेवावे.

शिवाय थोड्या कपड्यांत विविधता साधते. चार कुर्ते आणि तीन पायजमे एकमेकांवर शोभतील असे निवडले, तर बारा जोड्या तयार होतात. त्यासाठी पायजमे साध्या रंगांचे, राखाडी, तपकिरी किंवा गडद निळे, आणि कुर्ते आवडीच्या रंगांचे वा नक्षीचे घ्यावेत. मग कोणताही कुर्ता कोणत्याही पायजम्यावर चालतो आणि दृष्टी अधू असली तरी जोडी चुकत नाही. आजोबांच्या सदरा-लेंग्यालाही हेच सूत्र लागू पडते. मात्र नाडीऐवजी मऊ, रुंद इलास्टिक लावावे. नाडीची निरगाठ घाईच्या वेळी सुटत नाही आणि त्यातून लाजिरवाणे प्रसंग ओढवतात.

मग निवड कशी करावी?

कोणत्या वेळी काय सोयीचे, हे पाहून दोन्हींची सांगड घालणे बहुतेकांना हितावह ठरते. दिवसा सुटे कपडे आणि रात्री घोट्याच्या वर राहणारा गाऊन, अशी विभागणी करून पाहावी. झोपेचे कपडे सकाळी बदलल्याने दिवस सुरू झाल्याची जाणीवही मनाला होते. विस्मरणाचा विकार असलेल्यांना ती विशेष उपकारक असते.

शिंप्याकडे जाताना पुढील गोष्टी सांगाव्यात. मुंढा आणि बाही सैल असावी. गळा पुढून उघडणारा असावा. बारीक गुंड्यांऐवजी मोठी बटणे, टिचबटणे किंवा वेल्क्रो असावे. संधिवात वा कंपवात असलेल्यांना त्यामुळे स्वतःचे कपडे स्वतः घालता येतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीखाली जाड शिवण, बटण वा चुणी राहू देऊ नये. नाजूक त्वचेवर त्याचा दाब पडून जखम होऊ शकते. कापड सुती असावे. स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांनी कृत्रिम धाग्यांचे झुळझुळीत गाऊन आणि लोंबत्या बाह्या कटाक्षाने टाळाव्यात. आग लागल्यास असे कापड वितळून त्वचेला चिकटते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

कपडे बदलताना ज्येष्ठ व्यक्तीला भक्कम खुर्चीवर बसवावे. एका पायावर उभे राहून पायजमा चढवताना तोल जातो. पक्षाघात झालेल्या व्यक्तीच्या दुबळ्या हातात बाही प्रथम घालावी, आणि उतरवताना त्या हातातील बाही शेवटी काढावी. कपडे ज्या क्रमाने घालायचे त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. जे काम त्यांना स्वतः करता येते, ते वेळ लागला तरी त्यांनाच करू द्यावे.

विस्मरण असलेल्यांपुढे संपूर्ण कपाट उघडू नये. दोनच कुर्ते समोर धरून ‘आई, आज निळा की पिवळा?’ असे विचारावे. एकच कुर्ता रोज हवा असा हट्ट असेल, तर तसाच दुसरा शिवून घ्यावा म्हणजे धुण्यावरून वाद होणार नाही.

दुखण्यात माणसाचे पुष्कळसे निर्णय इतरांच्या हाती जातात. औषध कोणते, आहार कोणता, झोपायचे केव्हा, हे सारे दुसरेच ठरवतात. आज काय घालावे, एवढा तरी निर्णय त्यांच्यापाशी राहू द्यावा. या आठवड्यात कपाट आवरताना आपल्या ज्येष्ठांना शेजारी बसवा, काय टोचते, काय अडकते, काय आवडते ते विचारा आणि मगच नवे कपडे शिवायला टाका.