केसाएवढी फट

जमशेदपूरच्या कारखान्यातून १९५४ सालापासून बाहेर पडू लागलेल्या टाटा-मर्सिडीज मालमोटारींपैकी एखादीचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन घराच्या पडवीत ओंडक्यांवर उतरवून त्याचे हेड काढले, म्हणजे हातातला पाना खाली ठेवून प्रथम सिलिंडरच्या वरच्या काठाजवळून बोट फिरवावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण तेथे नखाला अडणारी जी बारीक कड लागते, तिच्यात त्या इंजिनाने केलेल्या साऱ्या चाकरीचा दाखला मिळतो. ती कड म्हणजे न झिजलेली मूळ भिंत. तिच्या खालचे बीड पिस्टनच्या रिंगांनी खाल्लेले. मिनिटाला २००० फेरे होत असता १२० मिलिमीटरच्या धावेचा पिस्टन सेकंदाला सरासरी ८ मीटर धावतो, तरी प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो निमिषमात्र निश्चल होतो. वेग असेतोवर रिंग आणि भिंत यांच्यामध्ये टिकणारा तेलाचा थर त्या निमिषात विरतो, आणि वरच्या टोकाला ज्वलनाचा दाब व उष्णता नेमकी त्याच सुमारास येऊन भिडत असल्यामुळे तेथे धातूला धातू घासतो.

क्रँक ज्यांत फिरतो त्या बेअरिंगांची हकिकत याहून विलक्षण आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बीचम टॉवर हा रेल्वेगाडीच्या आसावर असते तशा अर्ध्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. त्याने माथ्यावरचे तेलाचे छिद्र बूच मारून बंद केले, पुढे लाकडी खुंटी ठोकली, परंतु आतल्या तेलाने दोन्ही वर ढकलून दिली. इतक्या साध्या साधनांनी इतके गहन सत्य क्वचितच हाती लागले असेल. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने त्याची गणिती उपपत्ती दिली: फिरता आस चिकट तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेथे उत्पन्न होणारा दाबच सारा भार तोलून धरतो.

म्हणून क्रँक आणि बेअरिंगचे अर्धगोल अस्तर, म्हणजे शेल, यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढी, मिलिमीटरच्या काही शतांशांची, फट राखावी लागते. क्रँकची जर्नल, म्हणजे बेअरिंगात फिरणारी त्याची गोल बाजू, ओरखडलेली असेल तर ती घासून पाव मिलिमीटर कमी मापाची करून घ्यावी (हे काम घरी होणारे नव्हे, त्याला ग्राइंडिंगच्या यंत्राचीच गरज), त्याच मापाचे शेल आणावेत, आणि बेअरिंगच्या कॅपांची अदलाबदल कदापि होऊ देऊ नये, कारण बेअरिंगांची भोके कॅप जागेवर आवळूनच एका रेषेत कोरलेली असतात.

इंजिन थांबले की क्रँक शेलवर टेकतो. यास्तव नव्याने बांधलेले इंजिन प्रथम इंजेक्टर काढून, स्टार्टरने थांबत थांबत नुसतेच फिरवावे, आणि तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत सिलिंडरात डिझेलचा थेंबही जाऊ देऊ नये.