दुतोंड्या मारुती आणि दुहेरी बोल

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची फुटांत विचारत नाहीत. ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले?’ एवढाच प्रश्न असतो. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या या मूर्तीला दोन्ही बाजूंना मुख आहे. पाणी तिच्या गळ्याकडे चढू लागले की सराफ बाजार व भांडी बाजारातील व्यापाऱ्यांची माल हलवण्याची धावपळ सुरू होते. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ते विसरलेले नाहीत. मात्र त्याच पावसाने गंगापूर धरण भरून शहराच्या तहानेची चिंता मिटते आणि पुढे वाहणारे पाणी पैठणच्या जायकवाडीत साठून मराठवाड्याला दिलासा देते. दुकानात शिरले तर आपत्ती, धरणात साठले तर संपत्ती; पाणी एकच.

अशा दुहेरी प्रसंगांसाठी प्रत्येक भाषेने आपापले बोल घडवले आहेत. प्रत्येक ढगाला रुपेरी कडा असते, असे इंग्रजीत म्हणतात. ही प्रतिमा मिल्टनच्या १६३४ मधील ‘कोमस’ या नाट्यकाव्यात आढळते. मराठीतही ती रुळली. पण तिथे ढग म्हणजे दुःख आणि कडा म्हणजे आशा. आपल्याकडे ज्येष्ठात आभाळाकडे डोळे लावणाऱ्या शेतकऱ्याला काळा ढग हीच आशा असते. तोच ढग फाल्गुनात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर दाटला, तर तयार मण्यांना तडे जातात आणि वर्षाची कमाई हातची जाते. म्हणजे ढग चांगला की वाईट, हे महिना पाहूनच सांगावे लागते.

मराठीजवळ ‘इष्टापत्ती’ हा नेमका शब्द आहे. तो तर्कशास्त्रातून आला. प्रतिपक्षाने दोष म्हणून दाखवलेली गोष्ट ‘ती तर मला हवीच आहे’ असे म्हणून स्वीकारणे, हा त्याचा मूळ अर्थ. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे याचे चालतेबोलते उदाहरण. बंधाऱ्यात गाळ साचला, साठवण घटली. पण त्याच उथळ दलदलीत पक्ष्यांचे नंदनवन फुलले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ ठरले.

‘दुधारी तलवार’ मात्र बाजारपेठेला अधिक परिचित. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातबंदी लागू झाली. शहरी ग्राहकाला भाव आटोक्यात राहण्याची आशा वाटली; लासलगावच्या बाजारात दर कोसळले आणि शेतकरी हवालदिल झाला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तेव्हा आशा आणि चिंता यांनी जागा बदलल्या.

येथेच स्याद्वादाची आठवण होते. ‘स्यात्’ म्हणजे संशय नव्हे. ‘या अपेक्षेने’ हा त्याचा आशय. भाववाढ चांगली आहे, हे विधान विकणाऱ्याच्या अपेक्षेने खरे आणि घेणाऱ्याच्या अपेक्षेने खोटे. दोन्ही बाजू पाहणारा गोंधळलेला नसतो. तो आपण कोणत्या काठावर उभे राहून बोलतो आहोत, हे जाणतो.

रोजमेळात जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय व्यापाऱ्याचा दिवस मिटत नाही. एकाच बाजूचे आकडे पाहून कोणी नफा सांगितला, तर मुनीमही तो मान्य करणार नाही. हाच नेम बोलण्याला लावला, तर ‘चांगले झाले’ असे म्हणण्यापूर्वी ‘कोणाचे?’ हा प्रश्न आपोआप ओठांवर येईल.